व्हर्च्युअल मशीनमध्ये नेट लागत नाही? आधी त्याचा पत्ता वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं, की आता विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वापरून बघू का. मी सगळ्यांना एकच सांगतो: आहे ते विंडोज पुसू नका. त्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर टाका, त्यात उबुंटू हा लिनक्सचा प्रकार चालवून पाहा, आवडलं तर पुढचं ठरवा. चार दिवसांनी दुसरा फोन येतो. "काका, उबुंटू सुरू झालं, पण आत नेट नाही. लॅपटॉपवर तर व्यवस्थित चालतंय." आणि लगेच पुढचं वाक्य: "मी दोनदा पुसून परत इन्स्टॉल केलं."

हे परत इन्स्टॉल करणं मला फार खटकतं. संध्याकाळ जाते, डेटा जातो, आणि नवखा माणूस 'आपल्याला हे जमणार नाही' असं समजून सोडून देतो. दोष बहुतेक वेळा उबुंटूत नसतोच. तो व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये असतो, नाहीतर लॅपटॉप ज्या नेटवर्कवर आहे त्या नेटवर्कात. आणि तो कुठे आहे हे कळायची एक सोपी खूण आहे: आतल्या मशीनला मिळालेला पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी 'आयपी' पत्ता. तो वाचता आला की निम्मं काम झालं.

## घरातलं घर

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. तुमचा खरा लॅपटॉप हा 'होस्ट', म्हणजे घरमालक. आत चालणारं उबुंटू हे 'गेस्ट', म्हणजे पाहुणा. पाहुण्याला वाटतं की आपल्याला स्वतःची मेमरी आहे, डिस्क आहे, नेटवर्कचं कार्ड आहे. पण कार्डही सॉफ्टवेअरचंच आहे आणि त्याला लागलेली केबलही.

या एका गोष्टीतून बराच गोंधळ सुटतो. लॅपटॉप वायफायवर असला तरी आतल्या उबुंटूला वायफाय दिसत नाही, त्याला वायरचं कनेक्शन दिसतं. 'वायफायची यादीच येत नाही' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता ती आधीच सांगून टाकतो: यादी येणार नाही, यायलाही नको. आणि केबल काल्पनिक असली तरी ती उपटलेली असू शकते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर 'केबल कनेक्टेड' अशी चौकट असते. तिथली टिक निघाली असेल तर आत कितीही डोकं आपटलं तरी नेट येणार नाही. सगळ्यात आधी तेवढं पाहा.

## पाहुणा कोणत्या दाराने बाहेर जातो

त्याच पानावर 'अटॅच्ड टू' अशी एक यादी असते. पाहुण्याने जगाशी कसं बोलायचं ते तिथे ठरतं. तीन पर्याय समजले तरी रोजचं काम भागतं.

पहिला 'नॅट'. नवं मशीन बनवलं की हाच लागलेला असतो. जुन्या पत्रांवर 'मार्फत' लिहायची पद्धत आठवा. पाहुणा पत्र लिहितो, घरमालक त्यावर स्वतःचा पत्ता घालून ते टाकतो आणि कोणाचं पत्र कुठे गेलं याची नोंद वहीत ठेवतो. उत्तर आलं की वही बघून ते पाहुण्याच्या हातात देतो. बाहेरच्या जगाला पाहुण्याचा पत्ताच नसतो. म्हणून नॅटमध्ये आतून बाहेर सगळं चालतं, बाहेरून आत मात्र आपणहून कोणी येऊ शकत नाही. ज्या पत्राची नोंद वहीत नाही ते द्यायचं कोणाला?

दुसरा 'ब्रिज्ड'. इथे पाहुण्याने दारावर स्वतःची पाटी आणि स्वतःची पत्रपेटी लावली. घरातल्या राउटरला तो लॅपटॉपपासून वेगळा, नवाच संगणक वाटतो, आणि राउटर त्याला वेगळा पत्ता देतो.

तिसरा 'होस्ट-ओन्ली'. हा घरमालक आणि पाहुणा यांच्यातला इंटरकॉम. दोघांचं बोलणं उत्तम होतं, पण इंटरकॉमवरून गावाला फोन लागत नाही. इथे नेट न लागणं हा बिघाडच नव्हे.

## पत्ता काय सांगतो

आता उबुंटूमध्ये टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, उघडा आणि 'आयपी ए' ही कमांड द्या. (कमांड इथे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत, मधे एक जागा सोडून द्यायच्या.) पडद्यावर बरंच काही येईल. त्यात 'एलओ' नावाखाली १२७.०.०.१ दिसेल. तो प्रत्येक संगणकाचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता आहे, तो सोडून द्या. त्याखाली खऱ्या कार्डाचं नाव असतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये बहुधा 'ईएनपी०एस३'. त्याच्यासमोर 'आयनेट' या शब्दापुढे चार आकड्यांचा जो पत्ता आहे, तो आपला.

तिथे १०.०.२.१५ दिसला तर मशीन नॅटवर आहे आणि पत्ता मिळण्यापर्यंतचं सगळं ठीक आहे. हा आकडा योगायोगाने येत नाही. व्हर्च्युअलबॉक्सचं पहिलं कार्ड नॅटवर असेल तर पाहुण्याला ठरलेला हाच पत्ता मिळतो. इथे एक गंमतीची अडचण येते. दोन मशीन बनवली, दोन्ही नॅटवर ठेवली, तर दोघांचाही पत्ता १०.०.२.१५! कारण घरमालक एकच असला तरी त्याने दोघांसाठी ठेवलेले कारकून वेगळे, वह्या वेगळ्या. दोन वेगळ्या सोसायट्यांत १५ नंबरचा फ्लॅट असावा तसं. ती दोन मशीन एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. ती एकमेकांशी बोलायला हवी असतील तर यादीत 'नॅट नेटवर्क' असा वेगळा पर्याय आहे. त्यात सगळे पाहुणे एकाच सोसायटीत येतात.

१९२.१६८.५६ने सुरू होणारा पत्ता दिसला तर मशीन बहुधा होस्ट-ओन्लीवर आहे. 'मित्राच्या मशीनसारखी सेटिंग केली आणि नेट गेलं' असं कोणी म्हणालं, की मी आधी हे ५६ शोधायला सांगतो.

लॅपटॉपच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे आणि पाहुण्याच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळले, समजा १९२.१६८.१.७ आणि १९२.१६८.१.२३, तर ब्रिज्ड नीट जुळलं आहे. (विंडोजवर लॅपटॉपचा पत्ता 'आयपीकॉन्फिग' या कमांडने दिसतो.)

खरी काळजीची खूण म्हणजे १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता, किंवा पत्त्याची जागाच रिकामी. पत्ते वाटणारी एक यंत्रणा असते, तिला 'डीएचसीपी' म्हणतात. सोसायटीच्या ऑफिसने नव्या भाडेकरूला फ्लॅट नंबर द्यावा तसं ते काम. आणि तो नंबर कायमचा नसतो, अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखा ठरावीक मुदतीचा असतो. ऑफिसातून उत्तरच आलं नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४चा तात्पुरता पत्ता घेतं, उबुंटूमध्ये बहुतेक वेळा जागा रिकामीच राहते. 'आयनेट६'पुढे एफई८०ने सुरू होणारा लांबलचक पत्ता तरीही दिसेल. त्याने फसू नका, तो मशीन स्वतःच तयार करतं. अर्थ एकच: पाहुणा दारापर्यंतही पोचला नाही. केबलची टिक, चुकीचं दार किंवा ब्रिज्डमधलं चुकीचं कार्ड, यांतलं काहीतरी आहे.

दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: व्हीएमवेअर आणि हायपर-व्हीमध्ये आकडे वेगळे असतील, लिनक्सवरच्या लिबव्हर्टमध्ये मुळात १९२.१६८.१२२ असतं. वाचायची पद्धत तीच.

## वेस, गाव आणि नाव

पत्ता मिळाला आणि तरी ब्राउझर उघडत नाही. आता तीन टप्पे, जवळून लांब.

गावाबाहेर जायचं तर वेशीतून जावं लागतं. नेटवर्कात त्या वेशीला 'गेटवे' म्हणतात. 'आयपी आर' ही कमांड दिली की 'डिफॉल्ट' या शब्दाने सुरू होणारी ओळ दिसते, त्यातला पत्ता म्हणजे आपली वेस. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये ती १०.०.२.२ असते. 'डिफॉल्ट'ची ओळच नसेल तर पाहुण्याला बाहेरची वाट माहीत नाही. पत्ता हाताने भरलेल्या मशीनवर हे नेहमी होतं: पत्ता भरला, गेटवे भरायचा राहिला.

ओळ असेल तर 'पिंग' करून पाहा. पिंग म्हणजे हाक मारून ओ येते का ते बघणं. आधी वेशीला हाक मारा: पिंग १०.०.२.२. ओ आली तर निदान लॅपटॉपमधल्या नॅटपर्यंतची वाट शाबूत आहे. मग बाहेर: पिंग ८.८.८.८. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे, आणि आकडा असल्यामुळे त्यात नावाची भानगड नाही. शेवटी एखाद्या संकेतस्थळाला नावाने हाक मारा.

आकड्याला ओ येते आणि नावाला येत नाही, असं झालं तर आनंद माना. नेट चालू आहे, बिघडली आहे ती फक्त 'डीएनएस', म्हणजे नावावरून आकडा शोधून देणारी वही. फोनची लाइन चालू आहे, पण नंबरांची डायरी हरवली आहे, तसं.

आणि ही डायरी का हरवते याचं एक कारण विद्यार्थ्यांना वारंवार गाठतं. नॅटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स सहसा लॅपटॉपचेच डीएनएस पत्ते पाहुण्याला देतं. कॉलेजच्या वायफायवर मशीन सुरू केलं, बंद न करता लॅपटॉप मिटला, घरी येऊन उघडला. लॅपटॉपने घरच्या राउटरची डायरी घेतली, पाहुणा मात्र कॉलेजच्या डायरीवाल्यालाच विचारत बसला आहे, आणि तो घरून सापडत नाही. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: उबुंटूच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून वायरचं कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे नवी डायरी मागितली जाते. हे रोजचंच होऊन बसलं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅटलाच डीएनएसचा मध्यस्थ करायची सोय आहे. मग पाहुणा नेहमी घरमालकाला विचारतो आणि घरमालक ज्या गावात असेल तिथली डायरी बघतो.

## 'पिंग लागत नाही, म्हणजे नेट मेलंच ना?'

नाही. पिंग ही एक विशिष्ट प्रकारची हाक आहे आणि तिला उत्तर न देण्याचं स्वातंत्र्य समोरच्याला आहे. विंडोजचं फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्यावर पहारा ठेवणारा भाग, मूळ सेटिंगमध्ये बाहेरून आलेल्या पिंगला सहसा उत्तर देत नाही. त्यामुळे ब्रिज्ड उबुंटूमधून स्वतःच्याच विंडोज लॅपटॉपला पिंग केलं आणि शांतता मिळाली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याच वेळी ब्राउझर मजेत चालू असेल. नॅटमधून तर पिंग आणि तिच्या जातीची इतर तपासणीची साधनं कधीकधी अर्धवट चालतात. ओ आली तर वाट आहे हे नक्की. ओ आली नाही तर दुसऱ्या मार्गाने खात्री करा, ब्राउझरमध्ये दोन वेगवेगळी पानं उघडून पाहा.

यावरून फायरवॉलच बंद करून टाकण्याचा सल्ला दिला जातो. तो मला पटत नाही. फायरवॉल बंद करून नेट आलं तरी कोणता नियम आड येत होता ते कळत नाही, आणि 'नंतर चालू करू' म्हणून बंद ठेवलेलं फायरवॉल महिनोन्‌महिने बंद राहतं.

## 'मग सगळं ब्रिज्डच करून टाकू'

हाही आवडता उपाय, आणि घरच्या राउटरवर तो बरेचदा चालतोही. पण कधी चालणार नाही हे समजून घेतलं तर खूप त्रास वाचतो.

बऱ्याच लॅपटॉपना दोन कार्डं असतात, वायरचं आणि वायफायचं. ब्रिज्डमध्ये पाहुण्याला कोणत्या कार्डाला जोडायचं ते खालच्या 'नेम'च्या यादीत निवडायचं असतं. लॅपटॉप वायफायवर आणि यादीत वायरचं कार्ड निवडलेलं, हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. बंद दाराला नवी पाटी लावल्यासारखा.

दुसरं, प्रत्येक कार्डाला जन्मापासून एक ओळख क्रमांक असतो, त्याला 'मॅक पत्ता' म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्सने बनवलेल्या कार्डांचा मॅक पत्ता ०८-००-२७ने सुरू होतो. काही हॉस्टेलांत आणि ऑफिसांत नोंदलेल्या मॅक पत्त्यांनाच प्रवेश असतो. तिथे तुमचा लॅपटॉप रजिस्टरमध्ये आहे, पाहुणा नाही. मग रखवालदार त्याला बाहेर उभं करतो आणि तुम्हाला तोच रिकामा पत्ता दिसतो. वायफायचंही असंच: वायफायचं केंद्र ज्या मॅक पत्त्याने जोडणी केली त्याचाच माल स्वीकारतं. त्यामुळे वायफायवर ब्रिज्ड चालवायला व्हर्च्युअलबॉक्सला मॅक पत्त्यांची अदलाबदल करावी लागते. काही कार्डं-राउटरांच्या जोडीत ते जमतं, काहींत जमत नाही. अशा सगळ्या ठिकाणी नॅटच बरं, कारण बाहेर फक्त घरमालकाचं तोंड दिसतं.

घरून काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट अडते. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू आहे, म्हणजे ऑफिसपर्यंतचा बंदिस्त बोगदा. तरी आतल्या उबुंटूला ऑफिसचा सर्व्हर दिसत नाही. मशीन ब्रिज्ड असेल तर ते होणारच. ब्रिज्ड पाहुणा कार्डावरून थेट बाहेर पडतो, घरमालकाच्या बोगद्याच्या तोंडाशी जातच नाही. नॅटवर आणा, मग त्याची पत्रं घरमालकाच्या हातून आणि म्हणून बोगद्यातूनच जातात. अर्थात ऑफिसचा नियम याला परवानगी देतो का ते आधी विचारा.

## उलट बाजूची तक्रार

आतून सगळं चालतं, पण उबुंटूत सुरू केलेली वेबसाइट विंडोजच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. १०.०.२.१५ टाकून पाहिलं, काही नाही. नॅटचं वर्णन आठवा: वहीत नोंद नाही, तर पत्र आत कसं येणार? नोंद आपण स्वतः करायची. तिला 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणतात. पोर्ट म्हणजे एका पत्त्यावरची वेगवेगळी खिडकी. नॅटच्या सेटिंगमध्ये लिहायचं, की होस्टच्या २२२२ खिडकीवर जो येईल त्याला पाहुण्याच्या २२ खिडकीवर पाठवा. २२ ही एसएसएच या दुरून लॉग-इन करण्याच्या सोयीची खिडकी. मग विंडोजमधून १२७.०.०.१च्या २२२२ पोर्टवर गेलं की थेट उबुंटूत.

नोंद केली तरी दार उघडत नसेल तर 'एसएस -टीएलएन' ही कमांड उबुंटूत देऊन पाहा. कोणत्या खिडकीवर कोणाचं ऐकलं जातं ते दिसतं. त्यात तुमच्या पोर्टच्या आधी १२७.०.०.१ असेल तर तिथला प्रोग्रॅम फक्त घरातल्या घरातलंच ऐकतो आहे. शिकताना वापरायचे बरेच वेब सर्व्हर सुरुवातीला असेच असतात. तो ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकेल असं सेटिंग केलं की झालं. माझ्या स्वतःच्या दोन संध्याकाळी या एका ओळीपायी गेल्या होत्या, कारण मी सगळं बाहेर तपासत होतो आणि प्रोग्रॅमने कान आत लावले होते.

पोर्टांचा कंटाळा असेल तर पहिलं कार्ड नॅटवर आणि दुसरं कार्ड होस्ट-ओन्लीवर ठेवा. नेटही राहतं आणि इंटरकॉमही. मी शिकणाऱ्यांना हीच जोडी सुचवतो.

## नेट आहे, पण सगळी पानं लाल

कधी पिंग चालतं, नावंही सापडतात, आणि ब्राउझर प्रत्येक पानावर सुरक्षेचा लाल इशारा देतो. तेव्हा कोपऱ्यातलं घड्याळ पाहा. मशीन झोपवून ठेवलं आणि आठवड्याने उठवलं, तर त्याचं घड्याळ कधीकधी आठवडाभर मागे असतं. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. घड्याळ चुकलं की चांगलं प्रमाणपत्रही खोटं ठरतं. उबुंटूची अपडेटसुद्धा 'ही फाइल अजून वैध झालेली नाही' अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते. गेस्ट अ‍ॅडिशन्स हा व्हर्च्युअलबॉक्सचा जोडसंच टाकला असेल तर तो आतलं घड्याळ होस्टशी जुळवत राहतो.

## जुळ्या मशीनचं भांडण

शेवटचा बिघाड सगळ्यात चकवणारा. एक मशीन नीट तयार केलं, त्याचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, काढला, दोन्ही ब्रिज्डवर एकदम चालू केली. आता एसएसएच मधेच तुटतं, मधेच जुळतं, आणि कधी चुकीच्याच मशीनमध्ये लॉग-इन होतं. दोघांचा पत्ता वाचा, तो एकच निघेल. पहिलं कारण मॅक पत्ता: क्लोन काढताना सर्व कार्डांसाठी नवे मॅक पत्ते बनवायचा पर्याय निवडायचा राहिला.

पण उबुंटू सर्व्हरवर मॅक पत्ते वेगळे असूनही हे होतं. कारण तो राउटरकडे पत्ता मागताना मॅक पत्त्याऐवजी स्वतःचा एक मशीन-क्रमांक दाखवतो, आणि तो क्रमांक 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'मशीन-आयडी' नावाच्या फाइलवरून बनतो. क्लोनमध्ये ती फाइलही जशीच्या तशी उतरते. एकच आधार कार्ड घेऊन दोघे खिडकीवर गेले, तर कारकून दोघांना एकच नंबर देणार. क्लोनमधली ती फाइल काढून न टाकता फक्त रिकामी करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. नवा क्रमांक आपोआप तयार होतो. मग 'आयपी ए' देऊन पाहा, या वेळी शेवटचा आकडा वेगळा असेल.